ओल्या दाताचा रंग

मित्रांनो, दाताच्या डॉक्टरांकडे गेलात की तुमचे सगळे लक्ष त्या घूं-घूं करणाऱ्या यंत्राकडे असते. ते साहजिकच आहे. पण त्याच टेबलावर, जरा मागे, एका छोट्या बैठकीत, म्हणजे स्टँडमध्ये, मी उभा असतो. मी आवाज करत नाही, टोचत नाही, तोंडात पाणीही उडवत नाही. म्हणून माझ्याकडे कोणी पाहत नाही. मी दातांचा रंग मोजणारा एक जुना रंगमापक आहे. दिसायला जाडसर पेनासारखा, टोकाला काच, पाठीवर बोटभर पडदा. दातावर क्षणभर उजेड टाकायचा, परत येणारा उजेड निरखायचा आणि दाताचा रंग कोणता ते पडद्यावर सांगायचे, हेच माझे काम.

तुम्ही म्हणाल, दाताला कसला आला रंग? दात पांढराच असतो की! मग एक करा. घरात कोलम तांदूळ असेल तर चिमूटभर घ्या आणि शेजारी हातसडीचा तांदूळ ठेवा. दोन्हींना आपण पांढरेच म्हणतो, पण ते कसे निरनिराळे दिसतात ते पाहा. दातांचेही तसेच आहे. एकच दात हिरडीजवळ पिवळसर असतो, मध्ये फिकट, टोकाला किंचित करडा. शेजारी बसवायचा नवा दात याच्याशी जुळला नाही तर माणूस हसला की तोच दात आधी दिसतो.

माझा जन्म दूरच्या देशात एका स्वच्छ कारखान्यात झाला. माझ्या पोटात लहानसा दिवा बसवला, काच घासून नितळ केली. शेवटच्या टेबलावर एका बाईने माझ्यासमोर चिनीमातीची पांढरीशुभ्र चकती धरली. पांढरे म्हणजे काय, हे मला त्या चकतीने शिकवले. ती चकती तेव्हापासून माझ्या बैठकीतच असते. रोज सकाळी मी आधी तिच्याकडे पाहतो, मग कामाला लागतो. तुम्ही शाळेत जाण्यापूर्वी घड्याळ लावून घेता ना, तसे.

पुढे मी महाडला आलो. डॉ. कमलाकर यांचा दवाखाना तिथे जुना. पूर्वी तो तळमजल्यावर होता, मोठ्या पुरानंतर त्यांनी तो वरच्या मजल्यावर नेला. त्यांची मुलगी वैदेही दातांची डॉक्टर होऊन मुंबईहून परतली, तेव्हा तिने हौसेने मला आणवले. कमलाकर डॉक्टरांकडे त्याआधी चिनीमातीच्या दातांची एक पट्टी होती. पेशंटला ते खिडकीशी नेत, एकेक नमुना दाताजवळ धरत, डोळे बारीक करून पाहत. मला पाहून ते नाराज झाले नाहीत. त्यांनी मला आधी स्वतःच्याच दातावर टेकवले, पडद्यावर आलेली खूण पट्टीशी ताडून पाहिली आणि मान डोलावली. "राहू दे," ते म्हणाले, "पावसाळ्यात खिडकीतून उजेड तरी कुठे येतो?"

ते माझे कौतुकाचे दिवस होते. दवाखान्यातली मदतनीस दर्शना माझी काच मऊ कापडाने पुसायची आणि प्रत्येक पेशंटसाठी माझ्या टोकावर नवी टोपी चढवायची. वैदेही डॉक्टर प्रत्येकाला मी काय करतो ते समजावून सांगायच्या. बाजारपेठेतले कापडवाले मुरारीशेठ दाताला कॅप बसवायला आले. वर्षानुवर्षांच्या चहाने त्यांचे दात तपकिरी झाले होते. त्या रंगाला माझी खूण तंतोतंत जुळली. ते आरशात पाहून इतके खूश झाले, की साडीवर ब्लाउजपीस जुळवायला मला चार दिवस दुकानात पाठवा असे म्हणू लागले. मी बैठकीत उभा राहून हे सगळे ऐकायचो आणि मनातल्या मनात फुगायचो.

अशातच एका पावसाळ्यात प्रियदर्शिनी उतेकर आमच्याकडे आली.

ती पोलादपूरजवळच्या एका गावात आई आनंदीबाईंसोबत राहायची आणि तिथल्याच शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. खेडला बहिणीकडे जाऊन परत येताना कशेडी घाटात रस्त्यावर चिखल वाहून आला होता. तिची स्कूटर त्यावरून घसरली. हातापायाला खरचटले, ते बरे झाले, पण समोरचा एक दात अर्ध्यातून तुटला. तुटलेल्या दाताची नस दुखत होती, म्हणून वैदेही डॉक्टरांनी रूट कॅनाल केले. काम लांबले. बिचारी बराच वेळ तोंड उघडे ठेवून पडून होती. दाताभोवती रबराचा पडदा, गालात कापूस, वर प्रखर दिवा. सगळे आटोपल्यावर डॉक्टरांनी मला उचलले आणि शेजारच्या चांगल्या दातावर टेकवले. मी पाहिले तेच सांगितले. ती खूण पुण्याच्या लॅबला गेली आणि काही दिवसांनी तिथून कॅप तयार होऊन आली.

ती बसवतानाही वेळ लागला. पण बसल्यावर सर्वांनी पाहिले, तर रंग अगदी शेजारच्या दातासारखा. प्रियदर्शिनी आरशात पाहून हसली. डॉक्टरांनी कॅप पक्की चिकटवली. मीही समाधानाने माझ्या जागी गेलो.

पुढचे मला फार उशिरा कळले.

एके दिवशी आनंदीबाई एकट्याच दवाखान्यात आल्या. पावसाने भिजलेली छत्री त्यांनी दाराबाहेर ठेवली आणि खुर्चीवर न बसता उभ्याउभ्याच बोलल्या. रागावलेल्या नव्हत्या, पण आवाज जड झाला होता.

"डॉक्टरीणबाई, पोरगी माझी हसत नाय आता. घरातपण बोलते ती तोंडावर पदर धरून. तुम्हाला दोष द्याला नाय आले मी. पण तिला सांगू काय, ते तरी सांगा."

वैदेही डॉक्टरांनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि सगळे विचारून घेतले. झाले होते असे. दवाखान्यातून प्रियदर्शिनी आनंदाने घरी गेली. संध्याकाळी आईनेच पहिल्यांदा पाहिले, की नवा दात काहीतरी वेगळाच चमकतोय. दुसऱ्या दिवशी ती वर्गावर गेली. पहिलीच्या मुलांना त, थ, द, ध शिकवायचे तर जीभ दातांना कशी टेकते ते तोंड उघडून दाखवावे लागते. तिने दाखवले. पुढच्या रांगेतल्या ओंकारने अगदी सरळ मनाने विचारले, "बाई, तुमचा एक दात खडूचा हाय का?"

सगळा वर्ग हसला. मुलांच्या मनात काही नव्हते. पण त्या दिवसापासून प्रियदर्शिनी फळ्याकडे तोंड करून शिकवू लागली. मुले तिची पाठ पाहायची आणि 'त'ला 'ट' म्हणायची. तिचे मुलांना शिकवणे आसपासच्या साऱ्या शाळांत नावाजलेले, पण आता तिने मुख्याध्यापकांना गाठून, मला पहिली नको, कार्यालयातले काम द्या, म्हणून विनंती केली होती. मुख्याध्यापकांनी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबा म्हणून सांगितले होते. आणि दवाखान्यात परत यायची तिला लाज वाटत होती.

मित्रांनो, ते ऐकताना मला बोलता आले असते तर किती बरे झाले असते! मी जे पाहिले तेच सांगितले होते. मग चुकले कुठे?

आनंदीबाई गेल्यावर वैदेही डॉक्टरांनी मला उलटसुलट करून पाहिले. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो पावसाळा संपल्यावर येतो म्हणाला. मग त्यांनी मला बैठकीसकट उचलले आणि खालच्या खणात ठेवले. "याच्यावर आता विश्वास नाही बाबा," एवढेच त्या वडिलांना म्हणाल्या. कमलाकर डॉक्टरांनी कपाटातली जुनी पट्टी काढून धुतली आणि टेबलावर ठेवली.

खणातले ते दिवस मी विसरू म्हटले तरी विसरत नाही. माझ्या शेजारी दातांचे माप घ्यायचे वाकलेले साचे होते, एक बंद पडलेला टॉर्च होता आणि रबरी हातमोज्यांची रिकामी खोकी होती. वर माणसांचे बोलणे चालायचे. कोणाचा दात निघायचा, कोणाचा बसायचा. खिडकीशी नेऊन पट्टी लावली जायची. काही जुळायचे, काही नाही. माझी पांढरी चकती धुळीने मळत होती. अंधारात तिच्याकडे पाहूनही मला काही दिसत नव्हते. दर्शना कधीतरी खण उघडायची, काहीतरी शोधायची आणि पुन्हा लावायची. एकदा तिने माझ्यावरून उगाच हात फिरवला. तेवढ्यावर मी कित्येक दिवस काढले.

दिवाळीच्या सुट्टीत आनंदीबाईंनी लेकीला अखेर हाताला धरून आणले. प्रियदर्शिनी तोंडावर रुमाल धरूनच खुर्चीत बसली. वैदेही डॉक्टरांनी रुमाल बाजूला करायला सांगितले आणि त्या वाकून पाहू लागल्या. फरक लहान मुलालाही दिसावा असा होता. बाकीचे दात दुधावरच्या सायीसारखे, आणि मध्येच हा खडू. त्यांनी वडिलांना हाक मारली. दिवा लावला, गालात कापूस ठेवला, आरसा लावून दोघांनी बारकाईने पाहिले. कॅप कापून काढावी लागेल का, कशी काढावी, यावर दोघांचे बोलणे सुरू झाले. प्रियदर्शिनी तोंड उघडे ठेवून तशीच पडून होती.

बोलता बोलता वैदेही डॉक्टर पुन्हा वाकल्या आणि थबकल्या.

"बाबा, मघाशी फरक जास्त होता ना?"

कमलाकर डॉक्टरांनी चष्मा सारखा केला. "होता. आता तर जवळजवळ जुळतोय."

मग वैदेही डॉक्टरांनी दर्शनाला खण उघडायला सांगितला. किती दिवसांनी माझ्यावर उजेड पडला! दर्शनाने माझी काच पुसली, चकती पुसली. मी चकतीकडे पाहिले आणि पांढरे म्हणजे काय ते मला पुन्हा आठवले. डॉक्टरांनी मला प्रियदर्शिनीच्या चांगल्या दातावर टेकवले. मी खूण सांगितली. ती पहिल्यासारखीच, फिकट. मग डॉक्टरांनी कापूस काढला, दिवा बंद केला, तिला पाणी प्यायला दिले आणि तोंड मिटून बसायला सांगितले. शाळेच्या, मुलांच्या, सुट्टीच्या गोष्टी निघाल्या. प्रियदर्शिनी मानेनेच हो-नाही करत होती, उत्तरे आनंदीबाईच देत होत्या. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी मला परत त्याच दातावर टेकवले. या वेळी माझ्या पडद्यावर वेगळी खूण आली. गडद आणि पिवळसर.

"यंत्र खोटं बोललं नव्हतं बाबा," वैदेही डॉक्टर हळूच म्हणाल्या. "दात सुकल्यावर मी त्याला रंग विचारला."

तोंड फार वेळ उघडे राहिले की दात सुकतो, मित्रांनो, आणि सुकलेला दात पांढरट दिसतो. तोंड मिटून, ओला होऊन, आपल्या मूळ रंगावर यायला त्याला वेळ लागतो. कॉलेजात वैदेही डॉक्टर हे शिकल्या होत्या, पण त्या दिवशीच्या लांबलेल्या कामात विसरल्या. कॅप बसवतानाही शेजारचे दात सुकलेलेच होते, म्हणून ती जुळलेली वाटली. घरी गेल्यावर ते ओले झाले, आणि कॅप एकटी पांढरी उरली.

वैदेही डॉक्टरांनी काही लपवले नाही. त्या स्टूल ओढून प्रियदर्शिनीच्या समोर बसल्या आणि सगळे सांगितले. "चूक माझी, कॅप बदलून द्यायची जबाबदारीही माझी," असे स्वच्छ शब्दांत म्हणाल्या. प्रियदर्शिनी रुमालाची घडी घालत ऐकत होती. तिच्याऐवजी आनंदीबाईच बोलल्या. "चुकलं म्हणालीस, तिथंच मिटलं बाय. आता नीट कर म्हंजे झालं."

पुढच्या खेपेला प्रियदर्शिनी खुर्चीत बसली न बसली तोच, बाकी कशालाही हात लावण्याआधी, डॉक्टरांनी मला उचलले. हिरडीजवळ, मध्ये आणि टोकाला, असा तीन ठिकाणी मी रंग पाहिला. मग कमलाकर डॉक्टर तिला खिडकीशी घेऊन गेले. तिच्या चांगल्या दाताच्या टोकाशी एक पुसट पांढरा ठिपका होता, धुक्याच्या पुंजक्यासारखा. तो इतका लहान, की मला तो वेगळा सांगता आला नव्हता. माझ्या नजरेला तो आजूबाजूच्या रंगात मिसळून दिसे. कमलाकर डॉक्टरांनी पेन्सिलीने दाताचे चित्र काढले आणि त्यात तो ठिपका दाखवला. वैदेही डॉक्टरांनी विचारले, की नव्या दातावर ठिपका ठेवायचा, की शेजारच्या दातावरचाही घालवून दोन्ही एकसारखे करून घ्यायचे?

प्रियदर्शिनी त्या दिवशी पहिल्यांदा रुमाल न धरता बोलली. "ठिपका असू दे. लहानपणापासून दोन्ही दातांवर होता. तो नसला तर मला मी वाटणार नाही."

नवी कॅप आली तेव्हा वैदेही डॉक्टरांनी ती कच्चीच, पुन्हा काढता येईल अशी बसवली आणि आरसा काही दिला नाही. आत्ता बघायचे नाही, बाजारात फेरी मारा, काहीतरी गरम खा, मग या, असे सांगून दोघींना बाहेर पाठवले. त्या गेल्यावर दर्शनाने पुसलेली उपकरणे पुन्हा पुसली. कमलाकर डॉक्टर वर्तमानपत्राचे एकच पान उघडून बसले होते. या वेळीही चुकले, तर मला पुन्हा खण दिसणार होता आणि तिला कार्यालयातली खुर्ची.

दोघी दुपारी परत आल्या. वैदेही डॉक्टरांनी प्रियदर्शिनीला दाराशी, बाहेरच्या उजेडात उभे केले आणि हसायला सांगितले. हसण्याची सवयच मोडली होती. आधी ओठ हलले, मग दात दिसले. आनंदीबाई लेकीच्या अगदी जवळ गेल्या. एका बाजूने पाहिले, दुसऱ्या बाजूने पाहिले, मग गोंधळून विचारले, "यातला नवा कंचा गो?"

प्रियदर्शिनी खळखळून हसली. आईला उत्तर द्यायचे होते, पण हसू आवरेना. कमलाकर डॉक्टरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. वैदेही डॉक्टरांनी मला उचलून खणात नाही, टेबलावर पुढच्या रांगेत ठेवले.

थंडीत प्रियदर्शिनीच्या शाळेने दात तपासायला वैदेही डॉक्टरांना बोलावले. त्यांनी मलाही बरोबर नेले. महाडबाहेर पडायची ती माझी पहिलीच वेळ. पहिलीच्या वर्गात प्रियदर्शिनी मुलांकडे तोंड करून उभी होती आणि तिचा ओंकार सर्वांत मोठ्या आवाजात 'त' म्हणत होता.

तपासणी झाली, आणि मुलांनी माझ्याभोवती गर्दी केली. प्रत्येकाला आपला रंग पाहायचा होता. माझ्या खुणा 'ए-वन', 'ए-टू', 'बी-थ्री' अशा असतात. मुलांना वाटले, हे मार्कच आहेत. ज्याला 'ए-वन' आले तो पहिला नंबर आल्यासारखा नाचू लागला. ज्याला 'ए-थ्री' आले तो हिरमुसला. शेवटच्या बाकावर तेजश्री नावाची एक मुलगी मात्र ओठ घट्ट मिटून बसली होती. मागच्या वर्षी ती पडली होती आणि तिचा समोरचा दुधाचा दात काळपट पडला होता. ती काही केल्या पुढे येईना.

प्रियदर्शिनीने ते पाहिले. ती डॉक्टरांना म्हणाली, "आधी माझा मोजा. आणि मोठ्यांदा सांगा."

मी तिच्या दातावर उजेड टाकला. वैदेही डॉक्टरांनी मोठ्यांदा वाचले, "बी-थ्री." मुले एकमेकांकडे पाहू लागली. बाईंना 'बी'?

"हे मार्क नाहीत रे," प्रियदर्शिनी म्हणाली. "आपल्या घरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना मार्क असतात का? रंग म्हणजे फक्त रंग."

मग तेजश्री हळूच पुढे आली. तिने ओठ उघडले. मी तिच्या दाताकडे पाहिले आणि माझ्याजवळच्या सगळ्या खुणा शोधल्या. एकही जुळली नाही. पडद्यावर नुसती आडवी रेघ आली. डॉक्टर हसून म्हणाल्या, की हिचा रंग याला ठाऊकच नाही. दुधाचा दात आहे, पडेल आणि नवा येईल, तोवर त्यावर लक्ष ठेवू, असेही त्या म्हणाल्या.

"हिचा नंबर मशीनलापण नाय येत!" ओंकार ओरडला. सगळी मुले तेजश्रीचा दात पाहायला धावली. ती तोंड उघडून सर्वांना ऐटीत दाखवत होती.

मित्रांनो, आता माझा पडदा थोडा पुसट झाला आहे. चार्जिंगही लवकर संपते. कधीतरी माझ्या जागी नवे यंत्र येईल, त्याचे मला वाईट वाटत नाही. जोवर दर्शना माझी काच पुसते आणि चकती स्वच्छ ठेवते, तोवर मी खरे तेच सांगेन. तुमच्या घरातल्या यंत्रांनाही असेच पुसत जा. ती चुकली असे वाटले, तर खणात टाकण्याआधी आपण त्यांना नीट वापरले का, हेही एकदा पाहा. दात सकाळ-संध्याकाळ घासा. आणि तुमच्या वर्गात हसताना तोंडावर हात नेणारे कोणी असेल, तर उद्या शाळेत गेल्यावर त्याच्या शेजारी बसा.